चिनी आहारप्रेरणांचे मापन

चिनी लोक विशिष्ट अन्न का निवडतात, काही पदार्थ का टाळतात, भूक नसताना का खातात आणि क्वचित भूक असूनही का खात नाहीत, यांमागील मानसिक कारणे प्रश्नावली, मापनश्रेणी, मुलाखत व निरीक्षण यांच्या साहाय्याने अजमावण्याचे प्रयत्न या विषयात मोडतात. येथे ‘चिनी’ या शब्दाने चीनच्या मुख्यभूमीतील लोकांबरोबरच तैवान व हाँगकाँग येथील आणि मलेशियासारख्या देशांत स्थायिक झालेले चिनी वंशाचे लोकही अभिप्रेत आहेत. अन्न मोजण्याची परंपरा चीनमध्ये फार प्राचीन आहे. अन्नामागील मन मोजण्याची परंपरा मात्र जेमतेम चार-साडेचार दशकांची असून ती बव्हंशी बाहेरून आणलेल्या साधनांवर उभी आहे. या साधनांनी चिनी मनाविषयी जेवढे सांगितले, तेवढेच ती साधने घडविणाऱ्या समाजाविषयीही सांगितले, असे या इतिहासाकडे पाहता म्हणावे लागते.

पूर्वपीठिका : चिनी भाषेत लोकसंख्येला ‘रनखौ’ असा शब्द आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘माणसे-तोंडे’ असा होतो. मराठीतही ‘खाणारी तोंडे’ मोजण्याची रीत आहेच. पण चीनमध्ये ती राज्यकारभाराची परिभाषा बनली. हान काळात वायव्य सीमेवरील ज्यूयान येथील ठाण्यांत सैनिकांना व त्यांच्या कुटुंबीयांना किती धान्य द्यावयाचे, याच्या नोंदी लाकडी पट्ट्यांवर ठेवल्या जात. अशा पट्ट्या उत्खननांत मोठ्या संख्येने सापडल्या आहेत. कोणाच्या वाट्याला किती, हा प्रश्न राज्यसंस्थेला महत्त्वाचा वाटे. कोणाला काय आवडते, हा नव्हे.

आवडीनिवडीचा आणि पथ्यापथ्याचा विचार वैद्यकाकडे होता. जौ राजवटीच्या शासनव्यवस्थेचे वर्णन करणाऱ्या प्राचीन ग्रंथात राजवाड्यातील वैद्यांचे जे वर्ग सांगितले आहेत, त्यांत आहारवैद्यांचा स्वतंत्र वर्ग आहे. सातव्या शतकातील सुन स-म्याव या वैद्याने आहारोपचारांचे विवेचन केले, तर मंगोल दरबारातील हू स-ह्वे याने १३३० मध्ये राजभोजनाच्या पथ्यांवर संपूर्ण ग्रंथच सादर केला. या परंपरेचा गाभा म्हणजे पदार्थांची उष्ण व शीत अशी विभागणी. ही उष्णता पदार्थाच्या तापमानाची नसून त्याच्या गुणाची असते. मराठी वाचकाला ती समजावून सांगण्याची गरज नाही. ‘पपई उष्ण पडते’, ‘ताक थंड असते’ असे आपण सहज म्हणतो. मात्र दोन्हीकडची कोष्टके जुळत नाहीत. कोकणात खेकडा उष्ण मानतात आणि सर्दी-पडशावर त्याचे कढण देतात; चीनमध्ये तोच खेकडा अत्यंत शीत समजला जातो व त्याचा दोष जावा म्हणून आले आणि तांदळाची ऊन मदिरा त्याच्याबरोबर घेण्याची चाल आहे. उष्ण पदार्थांच्या अतिसेवनाने घसा दुखणे, तोंड येणे अशी लक्षणे दिसली, की चिनी माणूस ‘शांगह्वो’ झाला, म्हणजे अग्नी वर चढला, असे म्हणतो. ‘हे का खात नाही?’ या प्रश्नाला असंख्य चिनी घरांत मिळणारे अगदी साधे उत्तर हेच असते. पुढे वापरात आलेल्या प्रमुख पाश्चात्त्य प्रश्नावल्यांत या उत्तराला स्वतंत्र रकाना नव्हता, हे येथेच नमूद करणे इष्ट.

सर्वेक्षणांचा काळ : आधुनिक पद्धतीची आहारपाहणी चीनमध्ये १९२० नंतरच्या दशकात सुरू झाली. लंडन येथे शिकलेले समाजशास्त्रज्ञ एल्. के. ताओ यांनी पीकिंगमधील ४८ कामगार कुटुंबांच्या रोजच्या जमाखर्चाच्या वह्या ठेववून घेतल्या आणि त्यांवरून १९२८ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. या कुटुंबांच्या खर्चाचा सुमारे सत्तर टक्के भाग पोटासाठीच जात होता. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सिडनी गॅम्बल यांनी त्याच शहरातील २८३ कुटुंबांची पाहणी १९३३ मध्ये प्रकाशित केली. पीकिंग युनियन मेडिकल कॉलेजातील जीवरसायनशास्त्रज्ञ वू श्येन यांनी चिनी आहाराची आधुनिक पोषणविज्ञानाच्या दृष्टीने चिकित्सा केली.

या सर्वांत व्यापक काम नानकिंग विद्यापीठातील जॉन लॉसिंग बक यांचे. मराठी वाचकांना त्यांची एके काळची पत्नी, नोबेल पारितोषिकविजेत्या कादंबरीकार पर्ल बक, अधिक परिचित आहेत. बक यांनी १९२९ ते १९३३ या काळात आपल्या विद्यार्थ्यांकरवी २२ प्रांतांतील १६८ ठिकाणच्या १६,७८६ शेतांची व ३८,२५६ शेतकरी कुटुंबांची माहिती गोळा केली आणि ती १९३७ मध्ये प्रसिद्ध झाली. शेतकऱ्यांच्या आहारातील उष्मांकांचा फारच थोडा भाग प्राणिज पदार्थांतून येतो, हे त्यातून आकड्यांनिशी दिसले. त्याचे कारण आवड हे होते की दारिद्र्य, हा प्रश्न अशा पाहणीच्या कक्षेत येत नव्हता आणि त्या काळी तो कोणाला फारसा सुचण्याजोगाही नव्हता. ज्याच्या घरी मांस सणालाच शिजते, त्याला ‘तुम्ही मांस का खात नाही?’ असे विचारणे ही थट्टाच ठरली असती.

मानसशास्त्राचे खंडित जीवन : वस्तुतः चीनमध्ये मानसशास्त्र तोवर अवतरले होते. लाइपसिक येथे व्हुंट यांच्या व्याख्यानांना बसलेले त्साय युआन-पे हे पीकिंग विद्यापीठाचे कुलगुरू झाल्यावर १९१७ मध्ये तेथे चन दा-ची यांनी देशातील पहिली मानसशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन केली. १९२१ मध्ये चिनी मानसशास्त्र परिषद स्थापन झाली. बीने यांच्या बुद्धिमापन कसोटीचे चिनी रूपांतरही १९२४ मध्ये झाले. युद्धाने व यादवीने हे काम विसकळीत झाले. पुढे १९५८ मध्ये मानसशास्त्रावर ते वर्गनिरपेक्ष व म्हणून बूर्झ्वा असल्याची टीका झाली आणि १९६६ पासूनच्या सांस्कृतिक क्रांतीत तो विषय जवळजवळ नाहीसा करण्यात आला. विज्ञान अकादमीची मानसशास्त्र संस्था १९७० मध्ये बरखास्त झाली, ती १९७७ मध्ये पुन्हा उघडली. पीकिंग विद्यापीठात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग १९७८ मध्ये निघाला.

ज्या काळात मन मोजणे वर्ज्य होते, त्याच काळात अन्नाची निवडही माणसाच्या हाती नव्हती. धान्याची सक्तीची सरकारी खरेदी १९५३ मध्ये आणि धान्याची तिकिटे १९५५ मध्ये आली. १९५८ मध्ये कम्यूनच्या सामुदायिक भोजनशाळा निघाल्या व अनेक ठिकाणी घरातील चुली मोडण्यात आल्या. देशातील पहिली राष्ट्रीय पोषण पाहणी १९५९ मध्ये झाली. त्याच वर्षी महादुष्काळ सुरू झाला. १९५९ ते १९६१ या तीन वर्षांत त्याने घेतलेल्या बळींचे अंदाज दीड कोटींपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. धान्याची तिकिटे १९९३ पर्यंत चालू राहिली. आजचे अनेक चिनी आजी-आजोबा नातवाच्या वाडग्यात पुन्हा पुन्हा अन्न वाढतात, त्याचे कारण या इतिहासात शोधावे लागते. ‘मी ताटातले सर्व संपवितो’ या विधानापुढे ‘नेहमी’ अशी खूण करणारा ऐंशी वर्षांचा वृद्ध आणि तशीच खूण करणारा वीस वर्षांचा तरुण यांना मापनश्रेणीवर सारखेच गुण मिळतील. त्यांची कारणे सारखी असतीलच असे नाही.

तिकिटांचा काळ सरत असताना पाहण्या पुन्हा सुरू झाल्या. दुसरी राष्ट्रीय पोषण पाहणी १९८२ मध्ये झाली. १९८३ च्या सुमारास चन ज्युन-श, कॉलिन कॅम्बेल व रिचर्ड पेटो यांनी ६५ परगण्यांतील ६,५०० प्रौढांचा आहार आणि रोग यांचा संबंध तपासला. १९८९ पासून चिनी पोषणसंस्था व अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ यांनी मिळून त्याच त्या कुटुंबांकडे काही वर्षांच्या अंतराने परत जाणारी आरोग्य व पोषण पाहणी चालविली. तिची रीत चोख होती. प्रत्येक व्यक्तीने लागोपाठ तीन दिवस काय खाल्ले हे तिच्याकडून विचारून घेत आणि त्याबरोबर घरातील तेल, मीठ, सोयसॉस यांचे साठे आरंभी व अखेरीस प्रत्यक्ष तोलत. तेल किती खाल्ले हे कोणालाच सांगता येत नाही. तेलाची बरणी ते सांगते. २००४ पासून या पाहणीत आहारविषयक ज्ञान व आवड यांविषयीचे प्रश्नही आले. तोलण्याच्या काट्याशेजारी प्रश्नावली येऊन बसली, ती अशी.

पाश्चात्त्य मापनश्रेणी : आहारवर्तनाचे मानसशास्त्रीय मापन अमेरिकेत व यूरोपात वाढले, ते मुख्यतः स्थूलतेच्या चिंतेतून. हिल्डे ब्रुख या मनोविकारतज्ज्ञेने भावनिक अस्वस्थतेपोटी होणाऱ्या खाण्याकडे लक्ष वेधले. स्टॅन्ली शॅक्टर यांनी १९६० नंतरच्या दशकात स्थूल व्यक्ती पोटातील भुकेपेक्षा समोरच्या पदार्थाच्या दर्शनाने अधिक प्रेरित होतात, असे मत मांडले. पीटर हर्मन व त्यांचे सहकारी यांनी १९७५ पासून जाणीवपूर्वक संयमाने खाणाऱ्यांचा अभ्यास केला. या तिन्ही विचारांचा मेळ घालून नेदर्लंड्समधील तात्याना व्हान स्ट्रीन व त्यांचे सहकारी यांनी १९८६ मध्ये ३३ विधानांची प्रश्नावली तयार केली. भावनावश, बाह्यप्रेरित व संयमित खाणे असे तिचे तीन भाग असून पुढे तिची चिनी रूपांतरेही झाली.

वजनाच्या प्रश्नाबाहेर जाऊन रोजच्या निवडीची कारणे विचारणारी प्रश्नावली लंडनमध्ये अँड्रू स्टेप्टो, टेसा पोलार्ड व जेन वॉर्डल यांनी १९९५ मध्ये सिद्ध केली. तीत ३६ विधाने असून घटक विश्लेषणाने त्यांचे नऊ गट पडतात : आरोग्य, मनःस्थिती, सोय, इंद्रियसुख, नैसर्गिकता, किंमत, वजनावर ताबा, परिचितपणा व नैतिक विचार. जॉन प्रेस्कॉट व त्यांचे सहकारी यांनी ती जपान, तैवान, मलेशिया व न्यूझीलंड येथील स्त्रियांना देऊन २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तैवान व मलेशिया येथे आरोग्य, नैसर्गिकता, वजन व सोय यांना, जपानमध्ये किमतीला, तर न्यूझीलंडमध्ये चव, वास व रूप यांना अग्रक्रम मिळाला. यावरून चिनी स्त्रिया चवीपेक्षा आरोग्याला महत्त्व देतात, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. चिनी परंपरेत ‘यांगशंग’, म्हणजे प्राणाचे पोषण, ही कल्पना आरोग्य, ऋतुमान, चव आणि दीर्घायुष्य या सर्वांना एकत्र कवेत घेते. लंडनच्या प्रश्नावलीत जे दोन वेगळे घटक आहेत, ते उत्तर देणाऱ्या स्त्रीच्या मनात एकच असू शकतात. सूप रुचकर आहे म्हणून घेतले की प्रकृतीला मानवते म्हणून घेतले, हा प्रश्न तिला कदाचित कृत्रिम वाटेल. खुद्द पाश्चात्त्य शहरांतही ही नऊ घटकांची मांडणी सर्वत्र सारखी टिकत नाही, असे २००६ मध्ये कॅनडा, बेल्जियम व इटली यांच्या तुलनेत आढळून आले.

जर्मनीतील कॉन्स्टान्झ विद्यापीठाच्या ब्रिटा रेनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये पंधरा प्रेरणांची अधिक विस्तृत प्रश्नावली प्रसिद्ध केली. आवड, सवय, भूक यांच्याबरोबरच परंपरा, सहवास, सामाजिक संकेत व इतरांवर पडणारी छाप यांनाही तीत जागा आहे. ती भारतातही वापरली गेली असून अमेरिका, भारत व जर्मनी यांची तुलना २०१८ मध्ये प्रकाशित झाली. याच गटाने पुढे पारंपरिक व आधुनिक आहाराची जी तुलना केली, तिच्या दहा देशांत चीन व भारत हे दोन्ही आहेत.

मापनातील अडचणी : पहिली अडचण भाषांतराची. मूळ प्रश्न चिनीत आणावयाचा आणि मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या भाषांतरकाराने तो परत इंग्रजीत न्यावयाचा, ही रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये शास्त्रशुद्ध केलेली पद्धत सर्वत्र पाळली जाते. तिने शब्दांतील चुका सापडतात. गृहीतकांतील सापडत नाहीत. ‘मी निवडतो’ हे असेच एक गृहीतक आहे. चिनी जेवणात ‘फान’, म्हणजे भात वा अन्य धान्यान्न, प्रत्येकाच्या वाडग्यात असते आणि ‘त्साय’, म्हणजे भाज्या, मासे व मांस यांचे पदार्थ, मध्यभागी सर्वांसाठी मांडलेले असतात. या दोहोंचे नाते के. सी. चांग यांनी संपादिलेल्या १९७७ च्या ग्रंथात उत्तम रीतीने उलगडले आहे. अशा पंगतीत काय शिजवावयाचे हे घरातील एखादी व्यक्ती ठरविते, उपाहारगृहात यजमान ठरवितो आणि त्याच्या ठरविण्यात पाहुण्यांचा मान व त्याची स्वतःची प्रतिष्ठा गुंतलेली असते. मग ‘निवड’ नेमकी कोणाची मोजावयाची?

दुसरी अडचण उत्तर देण्याच्या ढंगाची. चन च्वान-शंग, ली शिन-यिंग व हॅरल्ड स्टीव्हन्सन यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले, की तैवानमधील चिनी व जपानी विद्यार्थी मापनश्रेणीच्या मध्यबिंदूकडे अधिक झुकतात, तर अमेरिकन विद्यार्थी टोकाच्या खुणा अधिक करतात. हा फरक फार मोठा नव्हता. तथापि दोन देशांच्या सरासऱ्या शेजारी ठेवणाऱ्याने तो विसरून चालत नाही. अशा अनुभवांमुळेच तैवानमध्ये यांग क्वो-शू यांनी १९८० च्या सुमारास सामाजिक शास्त्रांच्या चिनीकरणाचा आग्रह धरला.

प्रश्नावलीशिवायही कारणे कळतात, याचा प्रत्यय मानवशास्त्रज्ञांनी दिला. पीकिंगमध्ये १९८७ मध्ये पहिले अमेरिकन कोंबडीचे उपाहारगृह आणि १९९२ मध्ये मॅक्डॉनल्ड्झचे पहिले उपाहारगृह निघाले. तेथे बसून निरीक्षण करणाऱ्या यान युन-श्यांग यांना दिसले, की अनेक गिऱ्हाइकांना बर्गर हे जेवणच वाटत नव्हते, फार तर ते मधल्या वेळचे खाणे होते. ते येत ते स्वच्छ जागेसाठी, सर्वांना सारख्याच मिळणाऱ्या वागणुकीसाठी आणि एकुलत्या मुलाच्या हौसेसाठी. मुलांच्या खाण्यावर जिंग ज्युन यांनी संपादिलेल्या २००० सालच्या ग्रंथातही शाळकरी मुले विशिष्ट खाऊ मागतात ते पुष्कळदा बरोबरीच्या मुलांत कमी पडू नये म्हणून, असे दाखविले आहे.

हाँगकाँगमधील अनुभव : मापनातील गृहीतकांचा प्रश्न केवळ विद्यापीठीय नाही, हे हाँगकाँगच्या रुग्णालयांत स्पष्ट झाले. ॲनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे मनोजन्य क्षुधानाश, या विकारात रुग्ण, बहुधा तरुण स्त्री, अन्न टाकते व धोक्याच्या मर्यादेपर्यंत कृश होते. लठ्ठ होण्याची तीव्र भीती हे या विकाराचे मर्म, असे पाश्चात्त्य निदानग्रंथ सांगत आणि त्याच समजुतीवर प्रश्नावल्या रचलेल्या होत्या. टोराँटो येथील डेव्हिड गार्नर व पॉल गार्फिंकेल यांची १९७९ मध्ये आलेली व १९८२ मध्ये २६ प्रश्नांत संक्षिप्त झालेली प्रश्नावली सर्वाधिक वापरली जाते. २० वा अधिक गुण आल्यास पुढील तपासणी करावी, असा तिचा संकेत आहे. तिच्या अनेक प्रश्नांचा रोख वजनाच्या भीतीवर व बारीक होण्याच्या इच्छेवर आहे.

मनोविकारतज्ज्ञ सिंग ली यांच्यासमोर येणाऱ्या चिनी रुग्णस्त्रिया या वर्णनात बसत नव्हत्या. त्यांना आपण लठ्ठ आहोत असे वाटत नव्हते. आपण फार वाळलो आहोत, हे त्या मान्य करीत. न खाण्याचे कारण विचारले, की पोट फुगते, भूक लागत नाही किंवा खातेच कमी, अशी उत्तरे त्या देत. ली व त्यांचे सहकारी यांनी ७० रुग्णांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी ४१ जणांत, म्हणजे निम्म्याहून अधिकांत, आजाराच्या संपूर्ण काळात लठ्ठपणाची भीती आढळली नाही. वजनाची भीती नाही म्हणून प्रश्नावलीवर गुण कमी पडणार, गुण कमी म्हणून चाळणीतून सुटणार आणि पचनाची तक्रार म्हणून वेगळ्याच विभागाकडे जाणार, असा हा मार्ग होता. आणि उपासमारीने होणारी शरीराची हानी तर तीच होती. २६ प्रश्नांच्या प्रश्नावलीची तपासणी हाँगकाँगच्या रुग्णांवर २००२ मध्ये झाली, तेव्हा लठ्ठपणाची भीती नसलेल्या रुग्णांचे गुण भीती असलेल्यांपेक्षा कमी भरले. येथे एक सावधगिरी हवी. पोट फुगते हे सांगणे म्हणजे मनातले लपविणे, असे काही पाश्चात्त्य भाष्यकारांना वाटले. परंतु मनाचे दुःख शरीराच्या भाषेत सांगण्याची रीत चीनमध्ये प्रतिष्ठित आहे. हूनान येथील रुग्णांच्या अभ्यासातून आर्थर क्लाइनमन यांनी १९८२ मध्येच ती दाखविली होती. रुग्ण जे सांगते ते तिच्यापुरते कारण असू शकते, ही शक्यता ली यांनी गंभीरपणे घेतली, हे त्यांचे श्रेय.

पुढचा भाग अधिक गुंतागुंतीचा आहे. १९९४ मध्ये हाँगकाँगमध्ये या विकाराने कृश झालेली एक शाळकरी मुलगी भर रस्त्यात कोसळून मरण पावली. वृत्तपत्रांनी त्या निमित्ताने या विकाराची माहिती पाश्चात्त्य स्पष्टीकरणांसह घरोघरी पोहोचविली. सौंदर्यप्रसाधनांच्या व बारीक होण्याच्या जाहिराती त्याच सुमारास वाढत होत्या. ली व त्यांचे सहकारी यांनी आपल्या चिकित्सालयातील १९८७ ते २००७ या वीस वर्षांच्या नोंदी पाहून २०१० मध्ये लिहिले, की रुग्णांची संख्या वाढली आणि लठ्ठपणाची भीती सांगणाऱ्यांचे प्रमाणही वाढले. प्रश्नावली जे कारण शोधत होती, ते आता खरोखरच सापडू लागले होते. लोकांची मने बदलली, की आपल्या न खाण्याला नाव देण्याची त्यांची भाषा बदलली, याचा निर्णय गुणांच्या बेरजेवरून करता येत नाही. बहुधा दोन्ही घडले असावे. दरम्यान निदानाचे निकषही हलले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या निदानग्रंथाच्या २०१३ मधील पाचव्या आवृत्तीत लठ्ठपणाची भीती ही एकमेव अट राहिली नाही. वजन वाढण्यात सातत्याने अडथळा आणणारे वर्तन हा पर्याय तिच्या जोडीला देण्यात आला.